लाइन ठरायच्या आधीचं वर्ष

१९१७ साली सलीम अली ब्रह्मदेशातून मुंबईला परतले, तेव्हा ते विशीत होते आणि हातात पदवी नव्हती. १९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले होते. सेंट झेवियर्स कॉलेजातलं पहिलंच वर्ष जड गेलं, तेव्हा कॉलेज सोडून ते घराण्याचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय बघायला तवॉयला गेले. तिथे धंद्यापेक्षा जंगलात त्यांचं मन जास्त रमलं. परत आल्यावर त्यांनी दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकायला सुरुवात केली. पुढे ज्यांचं नाव भारतातल्या पक्षीशास्त्राशी कायमचं जोडलं गेलं, ते वयाच्या एकविसाव्या वर्षी जमाखर्चाच्या वर्गात बसत होते.

झेवियर्समधले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी या तरुणाचा खरा ओढा ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. मग सकाळी दावर्स आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा दुहेरी दिनक्रम सुरू झाला. त्यानंतरही वाट सरळ नव्हती. रीतसर पदवी नसल्यामुळे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चरर म्हणून नोकरी लागली. १९२८ मध्ये ते रजा घेऊन बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकायला गेले आणि १९३० मध्ये परतले, तोवर म्युझियममधली ती जागाच रद्द झाली होती. बेकारीच्या त्या काळात अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचं निरीक्षण केलं, आणि त्याच अभ्यासाने त्यांना शास्त्रज्ञांच्या जगात ओळख मिळवून दिली.

ही गोष्ट आज एखाद्या घरात सांगितली तर ‘तो काळ वेगळा होता’ असं उत्तर येईल, आणि त्यात तथ्य आहे. सलीम अलींच्या पाठीशी मोठं, सुस्थितीतलं कुटुंब होतं. चुकण्याची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही, आणि हा मुद्दा पुढे विस्ताराने येणारच आहे. पण कॉलेजात पाऊल टाकताना पुढे काय करायचं हे ठाऊक नसणं ही काही आजच्या पिढीला झालेली बाधा नव्हे. बहुतेक माणसं सतरा-अठराव्या वर्षी अशीच असतात. प्रश्न आहे तो त्यांच्यासाठी व्यवस्थेने काय जागा ठेवली आहे हा.

महाराष्ट्रात हा प्रश्न कॉलेजच्याही आधी, दहावीच्या निकालाच्या दिवशीच दारात येऊन उभा राहतो. ‘कुठली साइड घेणार?’ आणि ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याला ठरलेला सल्ला मिळतो: ‘सायन्स घे, सगळे रस्ते उघडे राहतात.’ नियमांच्या दृष्टीने हा सल्ला चुकीचा नाही. बारावी सायन्स झालेल्या मुलाला बी.ए. किंवा बी.कॉम.ला प्रवेश मिळतो. बारावी आर्ट्स झालेल्या मुलीला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करता येत नाही. पण रस्ता उघडा ठेवण्यासाठी ज्याला गणित-भौतिकशास्त्रात गोडी नाही अशा मुलाने दोन वर्षं कुढत काढायची, नापास होण्याच्या भीतीत जगायचं आणि त्यातून ‘आपल्याला काही जमत नाही’ हा समज घेऊन बाहेर पडायचं, याचा हिशेब सल्ला देणारे करत नाहीत. कमी गुणांची बारावी सायन्स प्रत्यक्षात फार थोडे रस्ते उघडते.

खरं तर ही दोन वर्षं वेगळ्या हेतूने निर्माण झाली होती. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने दहा वर्षं सगळ्यांना सामान्य शिक्षण द्यावं आणि विषयांची निवड त्यानंतर सुरू व्हावी, असं सुचवलं. त्याआधी नववीतच मुलांचे गट पाडण्याची बहुउद्देशीय शाळांची पद्धत होती. आयोगाला ती फार लवकरची वाटली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. दहा-दोन-तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आला आणि ज्युनियर कॉलेज ही नवी पायरी तयार झाली. शाळेच्या चौकटीतून बाहेर पडून, विषय चाखून, मग पदवीकडे वळण्याची ती जागा होती. आज शहरांत आणि आता तालुक्याच्या गावीही ‘इंटिग्रेटेड’चा बोलबाला आहे. नाव कॉलेजात, हजेरी क्लासमध्ये. अकरावीत पाऊल ठेवल्यापासून सराव परीक्षा सुरू होतात. ज्या दोन वर्षांत मुलाने स्वतःला ओळखावं अशी कल्पना होती, ती एका प्रवेश परीक्षेच्या तयारीत जातात.

आणि त्या परीक्षेचं गणित काय आहे? २०२४ साली नीटला तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे ज्यांचं ‘ठरलेलं’ होतं त्यांतल्या फार मोठ्या संख्येला बारावीनंतर पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागलं. दंतवैद्यक, आयुर्वेद, नर्सिंग, फार्मसी, बी.एस्सी., की आणखी एक ‘ड्रॉप’? हा निर्णय ती मुलं थकलेल्या, हिरमुसलेल्या मनाने घेतात, तेही प्रवेशाच्या फेऱ्यांमधल्या दोन-चार दिवसांत. ज्याने दोन वर्षं एकाच नावाचा जप केला, त्याला दुसऱ्या कशाचा विचार करण्याची सवयच उरलेली नसते. अनिश्चिततेची काळजी करणाऱ्या पालकांनी या ठरलेल्या मुलांकडेही बघायला हवं.

जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन एक मांडणी केली, ती इथे उपयोगी पडते. त्याने दोनच गोष्टी तपासल्या: या मुलाने पर्यायांचा शोध घेतला आहे का, आणि तो एखाद्या मार्गाला बांधला गेला आहे का. त्यातून चार अवस्था निघाल्या. शोध घेऊन ठरवलेले; शोध चालू आहे पण अजून ठरलं नाही असे; शोधही नाही आणि ठरलेलंही नाही असे; आणि शोध न घेताच ठरवून टाकलेले. चौथा गट बाहेरून सर्वांत स्थिर दिसतो. वडील डॉक्टर म्हणून मुलगा डॉक्टर, घराण्यात सगळे इंजिनिअर म्हणून मुलगी इंजिनिअर. घरात वाद नाही, नातेवाइकांना उत्तर तयार. पण हा निर्णय त्या मुलाचा नसून त्याला मिळालेला असतो, आणि परीक्षेत किंवा नोकरीत पहिला मोठा धक्का बसला की तो डळमळतो. आपल्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला एकाच मापाने मोजलं जातं, हे या मुलांवर अन्याय करणारं आहे. तीन विषयांची पुस्तकं आणून वाचणारी, सीनियर मुलींना प्रश्न विचारणारी, सुट्टीत एखाद्या ठिकाणी काम करून बघणारी मुलगी आणि प्रवेश अर्जावर मैत्रिणीने भरला तोच कोड भरणारी मुलगी, दोघींचंही ‘अजून काही ठरलं नाही’. पहिलीला वेळ हवा आहे. दुसरीला कुणीतरी शेजारी बसून बोलण्याची गरज आहे.

लवकर ठरवल्याचा फायदा होतो का, याचं एक चांगलं उत्तर ब्रिटनमधून मिळतं. इंग्लंडमध्ये विद्यार्थी विद्यापीठात येण्याआधीच विषय ठरवतो आणि पहिल्या दिवसापासून तोच शिकतो. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये पदवी चार वर्षांची असते आणि पहिली दोन वर्षं अनेक विषय घेता येतात. भाषा एक, नोकऱ्यांची बाजारपेठ बरीचशी एक, फरक फक्त निवडीच्या वेळेचा. ओफर मालामुद या अर्थशास्त्रज्ञाने १९८०च्या सुमारास पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली. शिकलेल्या विषयाशी संबंध नसलेल्या व्यवसायाकडे वळण्याचं प्रमाण इंग्लंडच्या पदवीधरांमध्ये जास्त निघालं. खरं तर त्यांनी एकाच विषयात जास्त गुंतवणूक केली होती, म्हणून त्यांनी तो सोडणं अधिक महाग होतं. तरी त्यांनीच तो अधिक सोडला. उशिरा निवडलेल्या स्कॉटिश विद्यार्थ्यांना एखाद्या विषयातली थोडी कौशल्यं कमी मिळाली असतील, पण आपल्याला काय जमतं आणि काय पेलतं याची माहिती त्यांनी निवडीआधी मिळवली होती.

अमेरिकेतली आकडेवारीही बोलकी आहे. तिथल्या शिक्षण खात्याच्या सांख्यिकी केंद्राने २०११-१२ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचा माग ठेवला. मुख्य विषय जाहीर केलेल्या पदवी विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी तीन वर्षांच्या आत तो बदलला, आणि दहातल्या एकाने एकाहून अधिक वेळा बदलला. सर्वांत जास्त बदल कुठे झाला? गणितात. गणित हा मुख्य विषय घेऊन सुरुवात करणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांनी दुसरा विषय धरला. शाळेत गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणं आणि विद्यापीठातलं सिद्धतांचं गणित आवडणं या किती निराळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात बसल्याशिवाय कळत नाही. कुठल्याही समुपदेशकाला ते आधी सांगता येत नाही, कारण ती माहिती अजून तयारच झालेली नसते.

अमेरिकेत ही मोकळीक अपघाताने आली नाही. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी विद्यार्थ्याला विषय निवडू देण्याची पद्धत रुजवली. या हार्वर्डमध्ये गोव्यातल्या कोसबेंचे दामोदर धर्मानंद कोसंबी शिकले. गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्यांना गणितावरच लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता. कोसंबींनी तो मानला नाही. भाषांसह कितीतरी वेगवेगळे विषय घेतले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितीच राहिले. पण आहत नाण्यांचं वजन करून त्यांच्या झिजेवरून काळ ठरवण्याची त्यांची पद्धत, भर्तृहरीच्या संहितेचं संपादन आणि प्राचीन भारताच्या इतिहासाची त्यांची मांडणी, या सगळ्याला तो विद्यार्थिदशेतला पसारा कामी आला.

इथेही अशा जागा आहेत. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने २०११ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिली तीन सत्रं सगळ्यांना सारखी ठेवली आणि मुख्य विषयाची निवड त्यानंतर. पुण्यात पाषाणला २००६ मध्ये सुरू झालेल्या आयसरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची मूळ रचना अशीच: आधी जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित सगळं काही, मग आवडीचा विषय. पण या मोजक्या मुलांच्या संस्था झाल्या.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. आपली साधी, जुनी, ‘स्कोप नाही’ म्हणून हिणवलेली बी.ए. आणि बी.एस्सी. मुळात याच तत्त्वावर बांधलेली होती. पुणे विद्यापीठाच्या जुन्या रचनेत एफ.वाय.बी.एस्सी.ला चार विषय, एस.वाय.ला तीन आणि टी.वाय.ला एक, ज्याला सगळे ‘स्पेशल’ म्हणत. मुंबईत तीन, दोन, एक. रसायन घ्यायच्या इराद्याने आलेला मुलगा वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रमला, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्याला रसायन सोडून देता येत असे, वर्ष न गमावता. बी.ए.लाही ‘स्पेशल’ दुसऱ्या वर्षापासून. उलट बी.एम.एस., बी.बी.ए., बी.सी.ए. यांसारख्या नव्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत रस्ता पहिल्या दिवसापासून आखलेला असतो. नोकरीच्या आशेने पालक तिकडे वळतात, ते समजण्यासारखं आहे. पण ज्या मुलाचं काही ठरलेलं नाही त्याला सर्वांत अरुंद अभ्यासक्रमात घालणं, आणि तेही जास्त फी भरून, हा उफराटा उपाय आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी ३४ टक्क्यांहून थोडे अधिक कला शाखेत होते, अभियांत्रिकीत सुमारे १२ टक्के. करिअरविषयीचं लेखन मात्र बहुतांशी त्या १२ टक्क्यांसाठीच होतं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही जुनी लवचीकता नव्या शब्दांत आणि अधिक रुंद करून मांडली. महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ती रचना लागू झाली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याधारित विषय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी आता विभागणी आहे. अनिश्चित विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातल्या तीन तरतुदी नीट समजून घेण्यासारख्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार दुसऱ्या सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याला त्याच विद्याशाखेत मुख्य विषय बदलू देता येतो. एक वर्ष पूर्ण करून आणि ४० क्रेडिट मिळवून, शिवाय सुट्टीत चार क्रेडिटचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. आणि एप्रिल २०२२ पासून, तासिकांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर, दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी आहे. एक नेहमीच्या कॉलेजात आणि दुसरी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणी, हे आता उघडपणे करता येतं. सलीम अलींनी शंभर वर्षांपूर्वी दोन कॉलेजांत जे केलं त्याला आज नियमाचं पाठबळ आहे.

कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या कॉलेजात ओपन इलेक्टिव्हची निवड वेळापत्रक आणि उपलब्ध प्राध्यापक यांवर ठरते. भूगोलाच्या मुलीला मानसशास्त्र हवं असतं, पण कॉलेजात तो विभागच नसतो. मग ज्या विषयाला शिक्षक मोकळे आहेत तो घ्यावा लागतो. धोरणाचं यश या विद्यार्थ्यांवर मोजायला हवं, पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांवर नव्हे. शेजारच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून विषय वाटून घेतले आणि शनिवारी एकत्र वर्ग भरवले, तर यातला बराच भाग सुटू शकतो.

कुठलं दार कधी बंद होतं आणि कुठलं उघडंच राहतं, ही माहिती विद्यार्थ्याजवळ असली की निम्मी भीती ओसरते. बारावीच्या शाखेवर अडणारी दारं मोजकी आहेत: वैद्यकीय शाखा, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, बी.एस्सी. त्यांचा निर्णय लवकर घ्यावा लागतो, त्याला इलाज नाही. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कुठलीही पदवी चालते, राज्यसेवेलाही. तीन वर्षांचा एलएल.बी. कुठल्याही पदवीनंतर होतो. एम.बी.ए. तसंच. सी.ए.साठी बारावीनंतर फाउंडेशन न देता पदवीनंतर थेट प्रवेश आहे: वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतरांना ६० टक्के गुण हवेत. पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य यांची वाट बहुतेक ठिकाणी कुठल्याही पदवीधराला खुली असते. एम.ए.चे कितीतरी विषय असेच. इरावती कर्वे यांनी १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानात बी.ए. केलं. मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रात एम.ए. आणि १९३० मध्ये बर्लिनला मानवशास्त्रात डॉक्टरेट, विषय मानवी कवटीची असममितता. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या बाईंच्या विचाराला या तिन्ही विद्यांची धार आहे.

अशा उदाहरणांची यादी लांबवता येते. कान-नाक-घशाचे शल्यविशारद श्रीराम लागू यांनी चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, रंगभूमीला पूर्ण वेळ वाहून घेतलं. नाटकाची आवड पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात असतानाची. पण यशस्वी माणसांची चरित्रं पुरावा म्हणून वापरताना जपून वापरावीत. वाट बदलून मोठे झालेले आपल्याला दिसतात. वाट बदलून अडकलेले कुठल्याही पुस्तकात येत नाहीत. म्हणूनच मालामुद यांच्या अभ्यासाला इथे सलीम अलींच्या गोष्टीपेक्षा जास्त वजन द्यायला हवं.

मग चाचण्यांचं काय? ‘मुलाची अॅप्टिट्यूड करून घ्या’ हा सल्ला आता घरोघरी मिळतो. या शास्त्राचा उगम बॉस्टनमधला. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तिथे व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या: स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती आणि दोहोंचा मेळ. पार्सन्स स्वतः अभियांत्रिकी शिकलेले, मग शिक्षक, मग वकील, मग कायद्याचे प्राध्यापक. पुढे जॉन हॉलंड यांनी माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार मांडले: हातांनी घडवणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांना मदत करणारे, पुढाकार घेऊन कामं उभी करणारे आणि नोंदी-हिशेब चोख ठेवणारे. आजच्या बहुतेक आवड-चाचण्यांच्या मुळाशी हीच विभागणी असते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची मानसशास्त्र शाखा कित्येक वर्षं क्षमता-चाचण्यांचं काम गांभीर्याने करते आहे. राज्य मंडळाने २०१६ मध्ये श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने दहावीच्या सगळ्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. ललित कला, मानव्यविद्या, वाणिज्य, आरोग्य, कृषी, तंत्रज्ञान आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं त्यात होती. इतक्या मोठ्या संख्येने मुलांना कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं की तुला काय आवडतं, आणि एवढ्यासाठीही त्या उपक्रमाचं मोल मानायला हवं.

मात्र पार्सन्स यांच्या तीन पायऱ्यांपैकी चाचणी फक्त पहिलीला हात घालते. भाषा चांगली, तर्क चांगला, माणसांत रमतो, एवढं ती सांगू शकते. पण नगररचनाकार, सांख्यिकीतज्ज्ञ, श्रवणदोष-तज्ज्ञ, पुराभिलेखपाल ही माणसं दिवसभर नेमकं काय करतात हे ज्या मुलीने कधी पाहिलंच नाही, तिला ते काम आवडेल का, हे पर्यायांवर खुणा करून कळायचं नाही. ती दुसरी पायरी पायांनीच चढावी लागते.

जॉन क्रमबोल्ट्झ यांचं नाव या संदर्भात घ्यायला हवं. अमेरिकेत आयोवातल्या को कॉलेजात शिकताना दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय जाहीर करायची मुदत संपत आली, तरी त्यांचं काही ठरलं नव्हतं. ओळखीचे असे एकच प्राध्यापक, त्यांचे टेनिसचे प्रशिक्षक. त्यांना विचारलं. प्रशिक्षक मानसशास्त्र शिकवत असत, त्यांनी मानसशास्त्र सुचवलं. क्रमबोल्ट्झ पुढे स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि करिअर समुपदेशनातलं एक मोठं नाव ठरले. १९९९ मध्ये कॅथलीन मिचेल आणि अल लेव्हिन यांच्यासह त्यांनी मांडलं की अनपेक्षित घटना करिअरमध्ये इतक्या वारंवार येतात की त्यांना अपवाद न मानता त्यांची तयारी करावी. त्यासाठी त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या: कुतूहल, चिकाटी, लवचीकता, आशावाद आणि निकालाची खात्री नसतानाही पाऊल टाकण्याची तयारी. यात नशिबावर हवाला ठेवणं नाही. टेनिसच्या मैदानावर जाणाऱ्यालाच टेनिसचा प्रशिक्षक भेटतो.

एफ.वाय.च्या मुलाने करायचं ते यातूनच निघतं. एनएसएसचं शिबिर, वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, ग्रंथालयात आपल्या विषयाबाहेरचं कपाट, दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या दुकानात, प्रयोगशाळेत, वृत्तपत्रात, शेतकरी उत्पादक कंपनीत काही दिवस काम. आणि ज्या पेशाविषयी उत्सुकता आहे त्यातल्या चार माणसांना भेटून, पगार किती यापेक्षा ‘तुमचा कालचा दिवस कसा गेला?’ असं विचारणं. नावडलेल्या गोष्टी वहीत लिहून ठेवणंही तितकंच कामाचं.

आता पैशाचा मुद्दा, कारण मोकळेपणाने चाचपडण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा एक जुना नियम असा की एका टप्प्याचं शिक्षण पूर्ण करून त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयात पुन्हा शिकणाऱ्याला ती मिळत नाही. बारावी सायन्स करून परत बारावी आर्ट्स, किंवा बी.ए. करून बी.कॉम., असं केलं तर मदत थांबते. अनुसूचित जातीतली, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली मुलगी म्हणूनच ‘आवडेल ते कर’ या सल्ल्याकडे संशयाने बघते, आणि तिचं बरोबर आहे. तिच्यासाठी बदल व्हायचा तर तो एकाच पदवीच्या आत व्हायला हवा. पहिल्या वर्षी विषय रुंद ठेवणं हे तिच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं.

फीचंही तसंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर, फीच्या पाच टक्के आणि जास्तीत जास्त पाच हजार रुपये प्रक्रिया शुल्क वजा जाता, पूर्ण फी परत मिळते. त्यानंतर ९० टक्के, अंतिम तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के आणि मग काहीच नाही. पुढच्या काही वर्षांत आयोगाने यापेक्षा उदार सूचनाही काढल्या. चुकीच्या ठिकाणी प्रवेश घेतल्याचं पहिल्या आठवड्यात लक्षात आलं तर गणपतीपर्यंत थांबू नये, एवढा त्याचा अर्थ. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत हे कोष्टक छापलेलं असायला हवं आणि नसेल तर मागून घ्यावं.

महाविद्यालयांकडून मागण्यासारखं आणखी एक आहे. नॅकच्या मूल्यांकनात प्रत्येक शिक्षकामागे किती विद्यार्थ्यांचं पालकत्व आहे हे विचारलं जातं, त्यामुळे ‘मेंटॉर-मेंटी’ची यादी कॉलेजांच्या फाइलमध्ये असते. २०१९ मध्ये आयोगाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी ‘दीक्षारंभ’ हा उपक्रमही आखून दिला. या दोन्ही गोष्टी खऱ्या अर्थाने चालवायला वेगळा निधी लागत नाही. वीस मिनिटांची एक बैठक लागते: कुठला तास संपूच नये असं वाटलं, कुठल्या विषयाला बसवत नाही, घरचे काय म्हणतात, शिष्यवृत्ती कुठली आहे. मुख्य विषय बदलण्याची मुभा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस असते. म्हणून ही बैठक पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर, जानेवारीत झाली, तर दुसऱ्या विषयाच्या वर्गात जाऊन बसायला, त्या विभागातल्या शिक्षकांशी बोलायला, घरी समजवायला आणि बदलाचा अर्ज वेळेत द्यायला विद्यार्थ्याच्या हातात चार-पाच महिने राहतात.